अर्धवट राहिलेले नेम, पारायणं, संकल्प : पुन्हा कसे धरायचे? (अनुभव धागा)

शेवंतीची_वेणी

माळा आवरताना लाल पुठ्ठ्याची लिखित जपाची वही निघाली. निम्मी भरलेली, मधेच शाई बदललेली. ती बघून बऱ्याच जुन्या गोष्टी डोक्यात आल्या, म्हणून धागा काढतेय. प्रत्येक घरात असं काहीतरी असतंच ना? तेराव्या अध्यायात खूण घातलेली ज्ञानेश्वरी, नवव्या सोमवारी थांबलेले सोळा सोमवार, डब्यात पडून राहिलेल्या लक्षवाती. देवाधर्माबाहेरचं म्हणाल तर सुटलेलं बीए, अर्ध्यात राहिलेलं संस्कृत, बंद पडलेलं पहाटेचं फिरणं.

विनंती एकच. "श्रद्धा ठेवा, सगळं होतं" एवढंच लिहून पळू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. आपापल्या कहाण्याही जरा बाजूला ठेवू. किती, कसं, कुठे अडतं, का अडतं, मधे तुटलं तर काय सोय आहे, ते लिहा. कुठल्याही धर्माचं चालेल.

माझ्यापासून सुरुवात: लिखित जपाची जुनी वही पुढे चालवायची की नवी घ्यायची?

गोदाकाठचा

जुनीच चालवा. संकल्प संख्येचा असतो, वहीचा नसतो. आधी जुनी मोजून घ्या. एका पानावरच्या ओळी गुणिले रकाने गुणिले भरलेली पानं. तो आकडा तारीख घालून आतल्या पुठ्ठ्यावर लिहा आणि तिथून पुढे मोजा.

अडतं कुठे, तर हिशेब न करता सुरू केलेलं असतं. लाखाचा संकल्प आणि रोज १०८, म्हणजे ९२६ दिवस, अडीच वर्षं! लोक मनात वर्ष धरतात आणि सहा महिन्यांनी बेरीज केली की हात गळतात. तीन माळा म्हणजे ३२४ धरले तर ३०९ दिवसांत होतं, पण त्याला रोजची वीस-पंचवीस मिनिटं काढावी लागतात.

जेल पेन नको, मागच्या पानावर उमटतं आणि अर्धी वही वाया जाते. साधं बॉलपेन, चौकटी आखलेली वही. मनगट दुखायला लागलं की तिथेच थांबा. वह्या बंद पडतात त्या बहुतेक मनगटापायी.

आणि सुटलं म्हणून मनाला लागत असेल तर गीतेचा २.४० बघा, नेहाभिक्रमनाशोऽस्ति. आरंभलेलं फुकट जात नाही, मधे खंड पडला म्हणून दोषही लागत नाही. सहाव्या अध्यायात तर अर्जुनानेच हा प्रश्न टाकलाय (श्लोक ३७-३८), की अर्ध्यावर सुटलेला माणूस फुटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही असा होतो का. चाळिसाव्यात उत्तर आहे: चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही.

पेणची_काकू

९२६ दिवस!! बाई गं. मी वही मोजायलाच घेणार नाही आता 😀

रानजाई

वाखु (वाचनखूण) साठवली.

मु_पो_नेवासे

तेराव्या अध्यायातली खूण वाचून हसलो. महाराष्ट्रातल्या निम्म्या ज्ञानेश्वऱ्या तिथेच झोपलेल्या असतात, आणि त्याला कारण आहे. बारावा २४७ ओव्यांचा, सुटसुटीत. लगेच पुढे तेरावा, ११६९ ओव्यांचा. रोज २५ ओव्यांचा नेम असेल तर बारावा दहा दिवसांत होतो आणि तेराव्याला ४७ दिवस लागतात. त्यात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा एकेक लक्षण घेऊन माउली विस्तार करतात. अध्याय संपण्याकडे डोळा लावून बसलेला माणूस तिथे कंटाळतोच. पुढे अठरावा १८१० ओव्यांचा, म्हणजे ७३ दिवस.

उपाय: अध्याय मोजू नका, ओव्या मोजा. सगळ्या मिळून ९०३३. रोज २५ म्हटल्या तर ३६२ दिवसांत एक आवर्तन होतं, वर्षात बसतं. अध्यायाच्या मध्येच थांबायची लाज बाळगू नका. तेराव्यात एकेक लक्षण संपेल तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली की मुक्काम दिसतात.

पहिल्यांदाच वाचणाऱ्याने थेट बाराव्यापासून सुरू केलं तरी चालतं. मग पंधरावा, मग नववा. कानाला भाषा सरावली की पहिल्यापासून. सहाव्यात कुंडलिनीचं वर्णन येतं तिथे नवखा माणूस दुसऱ्यांदा अडतो. तिथे अर्थ लावत बसू नये, वाचून पुढे जावं. अर्थ पुढच्या फेरीला.

कृष्णाबाई

@मु_पो_नेवासे, मोठ्या टायपाची प्रत कुठली घ्यावी हो? सासूबाईंना बारीक दिसत नाही आणि मोठी प्रत मांडीवर पेलत नाही.

मु_पो_नेवासे

@कृष्णाबाई, मोठी प्रत मांडीवर घ्यायचीच नाही, लाकडी व्यासपीठ घ्या, घडीचं. पंढरपूर-आळंदीच्या दुकानांत मिळतं. ते थोडं उंचावर ठेवलं की मानही दुखत नाही. नाहीतर एकेक अध्याय झेरॉक्सवर दीडपट मोठा करून स्पायरल करून घ्या. पोथीची झेरॉक्स काढली म्हणून माउली रागावत नाहीत.

दत्तधाम_४४

दत्तजयंती तोंडावर आहे म्हणून गुरुचरित्राबद्दल. सप्ताहाची वाटणी: पहिल्या दिवशी ९ अध्यायांपर्यंत, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. पाचव्या दिवशी तीनच अध्याय (३६ ते ३८) बघून लोकांना वाटतं आज हलकं आहे, उशिरा बसलं तरी चालेल. सप्ताह मोडतो तो तिथे. छत्तिसावा आचारधर्माचा अध्याय प्रचंड मोठा आहे, सदतिसावाही लहान नाही. त्या दिवशी उलट अर्धा तास लवकर बसा.

सातवा दिवसही लांबतो. उद्यापनाचा स्वयंपाक आणि वाचन एकाच माणसावर ठेवू नका. वाचणाऱ्याने वाचायचं, पुरणाकडे दुसऱ्याने बघायचं.

मधे सुतक आलं, आजारपण आलं, तर घरातल्या दुसऱ्या कुणी उरलेलं वाचून पूर्ण करायची रूढी आहे. त्यासाठी पहिल्या दिवशीच घरातल्या दुसऱ्या एकाला वाटणी दाखवून ठेवावी. चिठ्ठी पोथीतच. ज्यांना सात दिवस रोज बराच वेळ बसणं शक्य नाही त्यांनी सप्ताहाचा हट्ट धरू नये. रोज एक अध्याय वाचला तर पावणेदोन महिन्यांत होतं. तो सप्ताह नव्हे, पण वाचन आहेच.

व्यावहारिक_बंडू

धागा चांगला आहे पण एक खटकतं. देवाला मधे घातलं की नेम सुटल्यावर माणूस दुप्पट खचतो. आधी नुसता आळशी होतो, आता पापी पण झाला. त्यापेक्षा साधं वेळापत्रक का नको?

गोदाकाठचा

@बंडू, खचतो तो भीतीपोटी धरलेल्या नेमात. मूळ ग्रंथांत चुकांसाठी सोय आधीच केलेली आहे. माळेत १०८ मणी असतात, पण पुरश्चरणाचा (ठरावीक संख्येच्या मंत्रजपाचा) हिशेब करताना माळेचे १००च धरायची रीत आहे. वरचे आठ उच्चार चुकले, मन भरकटलं, मणी सुटला याच्यासाठी. आठ टक्के चूक पहिल्यापासून हिशेबात!

तसंच पुरश्चरणात जपाच्या दशांश हवन सांगितलंय, पण हवन झेपत नसेल तर त्याऐवजी जादा जप करायची मुभा आहे.

आणि गीतेचा बारावा, ८ ते ११ श्लोक. मन माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही तर निदान फळ सोड. पायरी पायरीने खाली उतरत जाणारी सूट आहे ही. वेळापत्रकात असं खाली उतरायला काही नसतं, एक दिवस चुकला की कागद फाडून नवा करायचा.

व्यावहारिक_बंडू

आठ मण्यांचं माहीत नव्हतं. मान्य. बाराव्याचं रात्री वाचतो.

पेणची_काकू

बंडू "मान्य" म्हणाला, स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी

तुळशीवृंदावन

लक्षवातींचा उल्लेख आला म्हणून. फुलवाती धरते. तयार हात तासाला दोनशेच्या आसपास वळतो, म्हणजे लाखाला पाचशे तास. चातुर्मासातच पुऱ्या करायच्या म्हटलं तर रोज आठशेच्या वर, चार तास. एकटीने होणारं काम नव्हेच ते. पूर्वी चार-पाच जणी दुपारच्या बसायच्या म्हणून व्हायचं. हल्ली सगळ्या एकेकट्या धरतात आणि डबे भरून ठेवतात.

दोन-तीन वर्षांची मुदत धरा. हजाराची एक पुडी, पुडीवर तारीख, शंभर पुड्या झाल्या की झालं. दर वेळी मोजायचं नसेल तर एक हजार नीट मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, पुढच्या पुड्या वजनावर. आजेसासूबाईंच्या पिढीला पटणार नाही, पण मोजण्यात जाणारा वेळ वळण्यात जातो. वर शे-दोनशे जास्तीच्या घाला म्हणजे मनाला रुखरुख नको.

बिघडतं काय काय:
पावसाळ्यात सरकी काढलेला कापूस दमट होतो, तंतू ओढला की तुटतो. वळायला बसण्याआधी तासभर उन्हात नाहीतर दिव्याखाली ठेवा. वळताना बोटांना दूध लावायची पद्धत आहे. साठवायच्या असतील तर नको, वास येतो आणि मुंग्या लागतात. चिमूटभर भस्म लावा. तुपात आधीच भिजवून ठेवू नका. तूप खवट होतं आणि सगळा डबा फुकट. ज्या दिवशी लावायच्या त्या सकाळीच भिजवा.

आणि कृपा करून सगळ्या एकदम पेटवू नका. देवळात आधी विचारा. जाड पितळी पातेल्यात खाली वाळू, थोड्या थोड्या घालत जायच्या, पदर खोचलेला, नायलॉनची साडी नको, शेजारी वाळूची बादली, पाण्याची नव्हे. पेटत्या तुपावर पाणी ओतलं की भडका उडतो.

रानजाई

ताई हे वेगळं लिहून ठेवा ना कुठेतरी. आणि कुणी गेल्यावर त्यांच्या अर्धवट वाती मागे राहिल्या असतील तर?

तुळशीवृंदावन

घरातल्या कुणीही पुढे वळायच्या. पुड्या मोजून त्यांच्या नावाने जितक्या झाल्या त्या लिहून ठेवायच्या, उरलेल्या तुम्ही करायच्या आणि लावताना संकल्पात त्यांचं नाव घ्यायचं. पुढे वळायला कुणी नसेल तर आहेत तितक्या कार्तिकात रोज देवाजवळ लावून संपवा. ठेवून कुबट करण्यापेक्षा ते बरं.

रानजाई

🙏 आईच्या आहेत. करते.

शेवंतीची_वेणी

रानजाई, लागलं तर सांग गं, पुड्या बांधायला मी येईन. तुझ्याच गावात आहे.

दर्यावर्दी_रत्नागिरी

आमच्याकडे सुटलेल्याची सोय अगदी लिखितच आहे. आजारपणात, प्रवासात, पाळीत सुटलेले रमजानचे रोजे नंतर कझा म्हणून धरायचे, एकास एक. सलग धरायची सक्ती नाही. पुढचा रमजान यायच्या आत पुरे करायचे. ज्याला आजारपणामुळे कधीच शक्य नाही त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यायचं, त्याला फिदया म्हणतात. पाळीतली नमाज मात्र भरून काढायची नसते, रोजेच फक्त. यात नवख्या मुली फार गोंधळतात.

कझा राहतात कशा, तर "धरू कधीतरी" म्हणून. संख्या ईदच्या दुसऱ्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावायची. मग डिसेंबर-जानेवारी गाठायचा. कोकणात तेव्हा दिवस लहान, जूनपेक्षा रोजा दोन तासांहून जास्त लहान पडतो आणि तहान लागत नाही. आठवड्यातून सोमवार नाहीतर गुरुवार ठरवून टाकला की बघता बघता निघतात. कझाची नियत फज्रच्या (पहाटेच्या नमाजेच्या वेळेच्या) आधी करायची, सकाळी उठून "आज काही खाल्लं नाही तर रोजा समजू" असं चालत नाही. सहरीला (रोजा सुरू व्हायच्या आधीच्या खाण्याला) पोळी-अंडं-खजूर पुरे. बिर्याणी उरलेली असेल तर खाऊ नका, दिवसभर पाणी मागते.

पेणची_काकू

डिसेंबरची आयडिया भारी! आमच्या एकादश्यांना असं काही सिझन बघून करता येत नाही 😄

साबुदाणाप्रेमी

एकादशीचा विषय निघाला म्हणून. साबुदाणा भिजवताना पाणी वर बोटभर ठेवायचं की नुसतं ओलं? माझा कायम गोळा होतो

कृष्णाबाई

नुसतं ओलं. दोनदा धुवायचा, पाणी निथळायचं, वर चमचाभर शिंपडून झाकून रात्रभर. दाणा दोन बोटांत चिरडला गेला पाहिजे. दाण्याचं कूट परतायच्या आधी मिसळा, मग गोळा होत नाही.

साबुदाणाप्रेमी

धन्यवाद 🙏 सॉरी धागाकर्त्या

वसईचा_वाडवळ

आमच्या उपवासकाळाचंही गणित सांगतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस ४६ भरतात, पण म्हणतात चाळीस दिवस. कारण मधले सहा रविवार धरत नाहीत. म्हणजे सोडलेल्या गोष्टीतून दर आठवड्याला एक मोकळा दिवस आधीच ठेवलेला. दारू, गोड, मोबाईल, जे काय सोडलं असेल त्याला हे लागू. सातही दिवस कडक धरणारे तिसऱ्या आठवड्यात सुटतात, हे दर वर्षी दिसतं.

नोव्हेनाचं उलटं असतं, ती नऊ दिवस सलग. जुन्या गोव्यात सेंट झेवियरची २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, ३ ला फेस्त. घरी करताना एखादा दिवस सुटला तर काही लोक पुन्हा पहिल्यापासून धरतात. गरज नसते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रार्थना म्हणून पुढे जायचं. ती काही मंत्राची साखळी नव्हे, एक कडी निसटली म्हणून सगळं वाया जायला.

निळी_पहाट

वर्षावासाचं कुणी लिहिलं नाही अजून. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिने. विहारात, घरी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" वाचतात. आठ खंड आहेत. पुष्कळ ठिकाणी पहिला खंड थाटात होतो, कारण त्यात सिद्धार्थाच्या जन्मापासूनची गोष्ट आहे. मग धम्म म्हणजे काय, धर्म आणि धम्म यांत फरक काय, हे विवेचन आलं की श्रोते गळायला लागतात. गणेशोत्सव-नवरात्रात गल्लीत स्पीकर, त्यात आणखी खंड.

चालू राहतं तिथे काय करतात: वाचणारा रोज बदलतात, म्हणजे एकाच्या गैरहजेरीने वाचन थांबत नाही. एका बैठकीला अर्ध्या तासावर नाही. विवेचनाच्या भागात निम्मा वेळ वाचन, निम्मा प्रश्न. मुलांकडून वाचून घेतात, आईबाप आपोआप येतात. वही ठेवतात, आज कुठे थांबलो ते पान लिहायला. ज्या दिवशी वाचन झालं नाही त्या दिवशीही वहीत "झाले नाही" असं लिहितात. कोरी जागा सोडली की पुढच्या कोऱ्या जागा दिसेनाशा होतात.

दहा पारमितांत (पूर्णत्वाला न्यायच्या गुणांत) अधिष्ठानही आहे आणि विरियही आहे. नुसता निर्धार पुरत नाही, रोजचा जोरही लागतो, म्हणून दोन वेगळ्या.

व्यावहारिक_बंडू

"झाले नाही" लिहायचं फार आवडलं. हे देव मानणाऱ्या न मानणाऱ्या सगळ्यांना चालेल

निळी_पहाट

आमच्याकडे ते देवाचं नाहीच हो मुळात 🙂

व्यावहारिक_बंडू

बरोबर, माफी. शब्द चुकला.

अमरावतीकर

गीता पाठ करायची सुटलेले हात वर करा. रोज दोन श्लोक, ७०० श्लोक, ३५० दिवस असा हिशेब करून बसतात लोक, आणि दोन महिन्यांत मागचं विसरल्यावर सोडतात. नवा रोज एकच. त्याच्या मागचे सात म्हणायचे, आणि रविवारी नवा काही नाही, झालेला अध्याय पूर्ण. क्रम १२, १५ (दोन्ही वीस-वीस श्लोकांचे), मग १६, १७, १४. दुसरा ७२ आणि अठरावा ७८, ते शेवटी.

पंधराव्यात दुसऱ्या श्लोकाला सगळे अडखळतात. कारण पहिला श्लोक अनुष्टुभ, आणि २ ते ५ तसंच १५ वा हे लांब वृत्तातले. चालच बदलते. हे पाच आधी वेगळे बसवा, मग अध्याय एका दमात जातो. अकराव्यात तर निम्म्याहून जास्त लांब वृत्त आहे, म्हणून तो मधे घेऊ नका.

मोबाईलवर ऐकत ऐकत पाठ करू नका. आवाज बंद केला की काही येत नाही. आधी वाचून, मग पडताळायला ऐका.

चंद्रभागा_तीर

सोळा सोमवार मधे तुटले म्हणजे पुन्हा एकपासून का? घरात वाद चालू आहे. पाळी आली त्या सोमवारचं काय?

दत्तधाम_४४

पुष्कळ घरांत असं करतात: त्या सोमवारी उपास धरायचा, पूजा करायची नाही, तो सोमवार मोजायचा नाही, पुढचा मोजायचा. म्हणजे सोळा भरायला अठरा-वीस आठवडे जातात, उद्यापन त्यापुढच्या सोमवारी. काही घरांत तो मोजतात सुद्धा. पुन्हा एकपासून धरायची गरज नाही. तुमच्या घरी आजी-सासू जे करतात ते करा, नाहीतर वाद सोमवारपेक्षा लांबेल.

तुळशीवृंदावन

आणि उद्यापनाची तारीख आधी जाहीर करू नका. पाहुणे बोलावून बसतात आणि मग तारखेसाठी सोमवार ओढूनताणून बसवतात.

घाटवाट

वारीचं कुणीतरी. आळंदी-पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुष्कळ पहिलटकर पुणे-सासवड टप्प्याला घरी परततात. तो दिवस सगळ्यात मोठा, वर दिवे घाट. थकून नव्हे, पायाला फोड येऊन परततात. नवे बूट, नव्या चपला वारीत घालायच्याच नाहीत, दोन महिने आधी रुळवा. आत पातळ मोजा, वर जाड, पायाला व्हॅसलीन. पावसात ओले मोजे तसेच ठेवले की फोड ठरलेला. दर विसाव्याला काढा, पिळा, पाय कोरडे करा. फोडाची कातडी सोलू नका. सराव आठ आठवडे आधीपासून, पाच किलोमीटरपासून वीसपर्यंत, त्यातले दोन दिवस लागोपाठ चाला. एक दिवस वीस सगळे चालतात, कळतं ते दुसऱ्या दिवशी.

अर्ध्यात सुटली तर पुढच्या वर्षी सुटली त्या मुक्कामापासून धरणारे पुष्कळ आहेत. लोणंद, फलटण, नातेपुते, जिथे राहिली तिथून. शेवटचं वाखरी ते पंढरपूर चालणारेही हजारो असतात आणि त्यांना कुणी अर्धे वारकरी म्हणत नाही.

मु_पो_नेवासे

नर्मदा परिक्रमेतही तेच, खंडाखंडाने करतात. सुटली त्या ठिकाणाची नोंद ठेवायची, परत तिथूनच धरायची, मैया उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. थांबताना आश्रमाचं, गावाचं नाव लिहून ठेवा. काठावर घाट घाटासारखेच दिसतात.

शेवंतीची_वेणी

वा, केवढं लिहिलंत! पण अर्धवट बीए आणि संस्कृत राहिलंच. त्याला देवाची काही मदत?

अमरावतीकर

आहे की. चालू असलेल्या नेमाला चिकटवायचं. घरात संध्याकाळी हरिपाठ होत असेल तर २७ अभंगांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. संपला की उठायचं नाही, त्याच आसनावर पुस्तक उघडायचं. पुस्तक आधीच देवघराशेजारी ठेवलेलं हवं. उठून आणायला गेलात की स्वयंपाकघर, दूध, फोन, संपलं. पहिले पंधरा दिवस वीसच मिनिटं, जास्त वाचायची इच्छा झाली तरी बंद करायचं. मुक्त विद्यापीठाचं असेल तर सगळ्यात आधी नोंदणीची मुदत उरली आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा, मुदत संपल्यावर जुने विषय धरतील असं गृहीत धरू नका.

आणि परीक्षेसाठी नवस बोलू नका. अभ्यासाऐवजी नवसाचीच काळजी लागते. तुकोबांनी अभ्यासच सांगितलाय, असाध्य ते साध्य करिता सायास.

पेणची_काकू

दासबोध राहिला! वीस दशक, दोनशे समास, एका समासाला सरासरी ३९ ओव्या. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक होतो. खरंच, वेळ लावून बघा.

कृष्णाबाई

काकू तुमचा कुकर हळू आहे, गास्केट बदला 😀

पेणची_काकू

गास्केट नवं आहे गं, शिट्टीत काहीतरी अडकलंय वाटतं. कशाने साफ करायची?

कृष्णाबाई

कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजत ठेवा तासभर, मग सुई फिरवा. खालची नळीही उजेडाकडे धरून बघा, डाळीचा फेस तिथेच सुकतो.